गोव्यात जुनी स्पोर्ट्स कार: घेण्यापासून घाट चढण्यापर्यंत

वापरलेली स्पोर्ट्स कार बघायला गेलात की विकणारा आधी मीटर दाखवतो. तीस हजार किलोमीटर, एकच मालक, फक्त रविवारी बाहेर काढलेली. ते सगळं ऐकून घ्या आणि मग विचारा, गेले पाच पावसाळे ही गाडी कुठे उभी होती? गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खारं वारं तर बाराही महिने. इथे गाडी धावून झिजते त्याहून जास्त उभी राहून खराब होते. ऐंशी हजार किलोमीटर नियमित चाललेली आणि कोरड्या शेडमध्ये राहिलेली गाडी मी त्या तीस हजारवालीच्या आधी घेईन.

ज्यांच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे आणि आता हौसेसाठी एक दोन सीटची घ्यावी असं मनात आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकुलती एक गाडी म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घेऊ नका. तिचा एखादा पार्ट बाहेरून मागवला की ती तीन-चार आठवडे स्टँडवर असते आणि तेव्हा पोरांना शाळेत सोडायचं कसं हा प्रश्न उरतोच.

गाडी निवडताना

आपल्याकडच्या जुन्या बाजारात फिरून-फिरून तीच नावं दिसतात: पोर्शे बॉक्स्टर, मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झी-४, ऑडी टीटी. क्वचित एखादी सॅन स्टॉर्म, आपल्याच देशात बनलेली, रेनोचं छोटं इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी असलेली. स्टॉर्मची बॉडी गंजत नाही म्हणून लोक खूश होतात, पण खालचा सांगाडा लोखंडाचा आहे, तो वाकून, टॉर्च मारून बघावाच लागतो.

बॉक्स्टर बघत असाल तर एक गोष्ट पाठ करून जा. १९९६ पासून २००८ पर्यंतच्या इंजिनात मधल्या शाफ्टला एक बेअरिंग असतं. सगळे त्याला आयएमएस म्हणतात. ते निकामी झालं की इंजिन गेलं. २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग क्लच बदलताना बदलता येतं, २००६ ते २००८ च्या बऱ्याच गाड्यांत मोठं बेअरिंग आहे, ते जास्त टिकाऊ, पण बदलायचं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. म्हणून त्या काळातली गाडी घेताना ऑइल फिल्टर काढून, कापून बघा. त्याच्या घड्यांत चमकणारा चुरा दिसला तर चहा पिऊन घरी या.

झी-४ ची पहिली पिढी, २००२ ते २००८ ची, कापडी छताची. तिच्यात छत उघडणारी मोटर मागे डाव्या बाजूला, पाणी वाहून जाण्याच्या वाटेतच बसवलीय. पाण्याची नळी तुंबली की मोटर बुडते. दुसऱ्या पिढीची झी-४ आणि एसएलके धातूच्या घडीच्या छताच्या. त्यांत हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्यांची सील, म्हणून छत किमान चार-पाच वेळा उघडबंद करून बघा, आणि मधेच अडलं तर ‘बॅटरी डाऊन आहे हो’ हे उत्तर ऐकून घ्या पण मानू नका.

पैशांचा हिशोब सोपा आहे. गाडीवर जेवढे खर्च करायची तयारी आहे त्यातला एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्यात गाडी शोधा. तो तिसरा भाग पहिल्याच वर्षात टायर, ब्रेक, रबरी बुश, नळ्या, बॅटरी आणि बेल्ट यांत जातो. स्वस्त मिळालेली जर्मन गाडी शेवटी सर्वांत महाग पडते असं इथल्या गॅरेजात म्हणतात, आणि ते चूक नाही.

बघायला जाताना

सकाळी जा, आणि इंजिन थंड असतानाच. आधी फोन करून सांगा की मी आल्यावरच चालू करूया. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर विचारा का. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे आवाज करतं, जो धूर सोडतं, ते नंतर लपतं.

कार्पेट उचला. सीटखाली हात घाला, पायाखालच्या फोमवर मुठीने दाबा. ओल लागली किंवा कुबट वास आला तर पाणी आत येतंय, आणि या गाड्यांत सीटखाली कंट्रोल युनिट असू शकतं. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचा, म्हणजे किल्ली ओळखणाऱ्या यंत्रणेचा, डबा तिथेच आहे. तो भिजला की किल्ली असून गाडी चालू होत नाही.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपलीकडचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. बदलायचे हे धरून भाव करा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच काळातले आहेत का हेही बघा. मालक काटकसर कुठे करतो ते टायरवरून कळतं.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवता येते, त्यासाठी फॉर्म २५. वीस वर्षं उलटलेल्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क केंद्राने २०२५ मध्ये वाढवलं: मोटारीला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. आरसीवर गाडी आयात अशी नोंदलीय का ते त्यामुळे आधीच बघा. मुंबई-पुण्याची किंवा बेळगावची गाडी घेत असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नवी नोंदणी आणि इथला रस्ता कर लागतो. विमा घेताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवा. पाच वर्षांपलीकडच्या गाडीला ठरलेला घसाऱ्याचा तक्ता लागत नाही, तुम्ही मागाल तर वाजवी आकडा मिळतो. इंजिनात पाणी गेल्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. तेवढं घ्याच.

पहिल्या महिन्यात

गाडी घरी आली की फिरायला काढायचा मोह होतो. आधी तिचे सगळे द्रव बदला. मागच्या मालकाने कधी बदलले हे सांगितलं असेल, बिलंही दाखवली असतील, तरी बदला, म्हणजे पुढचा हिशोब तुमच्या तारखेपासून सुरू होतो.

सर्वांत आधी ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल शोषून घेतं आणि आपल्या हवेत ओल किती ते वेगळं सांगायला नको. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की प्रमाणित किमान मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना डिस्क तापतात, त्या ओल्या ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला, चारही चाकांतून जुनं पूर्ण निघेपर्यंत.

मग इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअरबॉक्स ऑइल, कूलंट. कूलंटमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालणारा मेस्त (मेकॅनिक) भेटला तर त्याचा हात धरा. आपल्या लाल मातीच्या पाण्यात लोह आणि क्षार असतात, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कॉन्सन्ट्रेट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं, रंग बघून नव्हे तर मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघून.

टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. वर्षं मोजा, किलोमीटर नव्हे, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

पेट्रोलच्या नळ्या हा आता नवा विषय झालाय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं, आणि इथेनॉल पाणीही ओढतं. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळ्या आणि क्लिप बदलून इथेनॉल चालेल अशा टाका. हे काम स्वस्त आहे आणि न केल्यास गरम इंजिनवर पेट्रोल गळतं, तेव्हा यात चालढकल नको. ही नळी बदलेपर्यंत गाडीत आग विझवायचं छोटं सिलिंडर ठेवा, नंतरही ठेवलंत तर उत्तम.

हे सगळं स्वतः करायचं की नाही? तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, बल्ब ही कामं शनिवारच्या एका सकाळी जमतात. गाडी खुजी असल्यामुळे साधा जॅक खाली जात नाही. आधी पुढची दोन्ही चाकं जाड फळ्यांवर चढवा, मग ट्रॉली जॅक सरकवा, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय डोकंच काय, हातही घालू नका. चिऱ्यांवर टेकवून काम करणारे लोक मी बघितलेत. चिरा भाराने फुटतो, आणि आधी सांगून फुटत नाही.

मोठ्या कामांसाठी मेस्त हवा, आणि इथे गोव्याचा एक फायदा आहे. म्हापसा, फोंडा, मडगाव भागात आखातात काम करून आलेले हात अजून आहेत, त्यांना या गाड्या नव्या नाहीत. अंगण स्वच्छ असलेलं, काढलेले बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवणारं गॅरेज शोधा. त्या गाडीचा स्कॅनर त्यांच्याकडे आहे का विचारा. सगळ्या गाड्यांना चालणारा स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, पण छत, एअरबॅग किंवा एबीएसचे वाचेलच असं नाही. आणि पार्ट तुम्ही नंबर शोधून मागवा. ‘मेस्ता, हा नंबर बघ, हाच ना?’ असं विचारून फोटो दाखवला की चुकीचा पार्ट येण्याची शक्यता फार कमी होते.

पावसाळा काढायचा कसा

मे महिन्यात घराघरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, त्याच आठवड्यात गाडीचंही भरून घ्या. गोव्यात या छंदाचं निम्मं कौशल्य इथे लागतं.

पाणी वाहून जायच्या वाटा आधी. उघडणाऱ्या छताच्या प्रत्येक गाडीत छताच्या मुळाशी आणि काचेखाली निचऱ्याच्या नळ्या असतात. आंब्याचा मोहर, फणसाची पानं, लाल धूळ यांचा त्यात चिखल होतो. त्या मोकळ्या करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी सर्वांत चांगली: टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा आणि हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतली नळी जोडावरून निसटते आणि मग पाणी थेट बॉडीत पडतं. शेवटी बाटलीने थोडं पाणी सोडा, गाडीखाली ते लगेच ठिबकलं पाहिजे. चारही कोपऱ्यांत बघा.

मग जागा. माडाखाली गाडी लावायची नाही हे गोव्यात सांगावं लागू नये, पण दरवर्षी कुणाच्या तरी बॉनेटवर नारळ पडतोच. चुडत (माडाची झावळी) पडलं तरी कापडी छत फाटतं. बंद गॅरेजपेक्षा दोन बाजूंनी वारा खेळणारी, फरशी कोरडी राहणारी शेड बरी. प्लास्टिकचं कव्हर नको, आत ओल कोंडते आणि आठ दिवसांत स्टीअरिंगवर पांढरी बुरशी येते. हवा जाणारं कापडी कव्हर घ्या, तेही फक्त छपराखाली. आतल्या चामड्याला साबणाने पुसून, वाळवून कंडिशनर लावा, आणि आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवा. त्या दर पंधरवड्याला बदलाव्या लागतात, नाहीतर त्याच ओलीचं आगर होतात.

टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या टाकीत हवा, हवेत बाष्प, आणि इथेनॉल ते ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी तळाशी वेगळं बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो.

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा. हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावा. बॅटरीला स्वयंचलित चार्जर लावा, पण पावसात वीज किती वेळा येते-जाते ते बघता सर्ज प्रोटेक्टरशिवाय नको. बॉनेट उघडून आठवड्याला नजर टाका, उंदीर गरम, कोरड्या जागेच्या शोधात असतात आणि वायरचं आवरण त्यांना आवडतं. एकदा हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडला की दोष शोधण्यात जे दिवस जातात त्याचं बिल उंदीर भरत नाही.

दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय बहुतेकांना असते. ती मोडा. पाच मिनिटांत पाण्याचा काटा वर येतो पण ऑइल तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये थिजून तशीच राहते. पाऊस उघडला, रस्ता वाळला तर अर्धा तास नीट चालवून आणा, नाहीतर हातच लावू नका.

कापडी छत असेल तर ओलं असताना कधीही घडी घालू नका.

पावसाळा उतरला की दसऱ्याच्या सुमारास गाडी बाहेर येते. झेंडूचा हार घालण्याआधी ब्रेक डिस्कवरचा गंज बघा. वरवरचा लालसर थर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये हलके ब्रेक मारून जातो. खड्डे पडले असतील तर डिस्क बदला.

समुद्रकाठच्या लोकांना एक जास्तीचं काम. कांदोळी, कोलवा, आगोंद असल्या ठिकाणी गाडी राहत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने खालची बाजू, चाकांच्या कमानी आणि रिम धुवा. वायरच्या जोडांवर हिरवट थर आला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. वाळूत गाडी नेणं बेकायदा आहे आणि मूर्खपणाही. चाकाखालची वाळू बेअरिंगपर्यंत जाते.

चालवायला शिका, पुन्हा

वीस वर्षं गाडी चालवताय म्हणून मागच्या चाकांवर चालणारी, मधे इंजिन असलेली, खुजी गाडी येईलच असं नाही. पहिले काही आठवडे रविवारी पहाटे, कोरड्या रस्त्यावर, आणि स्थिरता नियंत्रण (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) बंद करायचं बटण न दाबता. ते बंद करून फिरणारे बहुतेक लोक ते चालू असतानाही नीट चालवत नाहीत.

बसण्यापासून सुरुवात करा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेला पोचलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला. तुम्ही इतके खाली बसता की कदंब बसच्या चालकाच्या आरशात तुम्ही दिसतच नाही. बसच्या बाजूला रेंगाळू नका, मागे राहा किंवा पटकन पुढे जा.

वळणाचं गणित असं: ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, मग वळायचं, आणि वळण उघडताना दिसलं की हळूहळू एक्सलरेटर द्यायचा. अर्ध्या वळणात घाबरून पाय एकदम उचलला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. मधे इंजिन असलेल्या गाडीत ते फार वेगाने फिरतं, सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून शिरतानाच वेग कमी ठेवा.

पहिला रस्ता म्हणून मी बेतूलहून काब द रामवरून आगोंदला जाणारा सुचवेन. वळणं भरपूर, वेग आपोआप मर्यादित, आणि सकाळी सातच्या आधी वर्दळ कमी. चोर्ला घाट त्यानंतर. साखळी, केरी करत वर चढताना गाडी गोड वाटते, खरी परीक्षा उतरताना. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा जोरात आणि थोडाच वेळ मारा, सतत पाय ठेवून उतरू नका. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर रुंद जागा बघून थांबा, हँडब्रेक न ओढता, तापलेल्या पॅडनी डिस्कला मिठी मारू नये म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये चोर्ल्यात धुकं आणि दरडी, तेव्हा ही गाडी घेऊन तिथे काम नाही. अनमोड घाटात अवजड ट्रक असतात, तिथे मजा कमी आणि दगड जास्त उडतात.

पावसात सापडलातच तर काही जागा ध्यानात ठेवा. मृगाच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं महिन्यांचं तेल वर येतं. पुलाच्या लोखंडी सांध्यांवर ना ब्रेक ना जोर. चिरेखाणीच्या तोंडाशी ट्रकच्या चाकांनी आणलेला लाल चिखल पसरलेला असतो, तो दिसायला नुसता ओला रस्ता वाटतो. गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, रात्री तर ती हेडलाइटमध्येही उशिरा दिसतात. साचलेल्या पाण्यात शिरू नका, कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये हवा ओढायचं तोंड बंपरच्या उंचीवर असतं. एक घोट पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलीच तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न न करता ओढून न्या.

गतिरोधक तिरके ओलांडा, एका वेळी एक चाक. मागचा हॉर्न वाजवू दे.

आणि फेरीबोट. दिवाडीला किंवा चोडणला गाडी न्यायची हौस प्रत्येकाला येते. धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये जो कोन होतो त्यात खुज्या गाडीचा पुढचा ओठ घासतो. ओहोटीला बोट उताराच्या खालच्या टोकाला लागते, तिथे शेवाळ असतं, आणि परत चढताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात. भरतीची वेळ बघून जा, आधी मोकळ्या हाताने धक्का पायी उतरून बघा, आणि कोन जास्त वाटला तर गाडी अलीकडे सावलीत लावून (माड नसलेल्या) स्वतः बोटीने जा.